सिनेमा पाहिला, आता बोलायचं काय? नवख्या सिनेवेड्यांसाठी वाटाड्या

नवा सिनेमा पाहून बाहेर पडलं की बोलायला जीभ नुसती वळवळत असते. प्रत्यक्षात तोंडून निघतं ते "भारी होता", "सेकंड हाफमध्ये ढेपाळला" नाहीतर "एकदा बघायला हरकत नाही". समोरचा म्हणतो, "मला नाही बुवा आवडला." मग दोघं आवाज चढवतात, किंवा विषय बदलतात.

असं ज्यांचं होतं, त्यांच्यासाठी हा लेख. मी पेशाने समीक्षक नाही. सिनेमाचं वेड, पाहिलेलं लिहून काढायची खोड आणि वाद घालायला मिळालेले चिवट मित्र, एवढंच माझं भांडवल. त्यावरून सांगतो: मत कितीही ठासून मांडा, समोरच्याला त्यात शिरायला फट मिळत नाही. पडद्यावरच्या एका नेमक्या क्षणावर बोट ठेवलंत, की त्यालाही तो क्षण आठवतो आणि तो बोलू लागतो. खालच्या पायऱ्या असे क्षण पकडण्याच्या आणि मांडण्याच्या आहेत.

हाताशी काय असावं

- खिशात मावणारी वही आणि पेन. मोबाइल नको, त्याचा उजेड मागच्या रांगेला शिव्या द्यायला लावतो आणि तुमचंही लक्ष फोडतो.
- दिग्दर्शक, पटकथाकार, छायालेखक, संकलक, साउंड डिझायनर आणि संगीतकार यांची नावं, श्रेयनामावलीतून किंवा अधिकृत पोस्टरवरून टिपलेली.
- आवडनिवड तुमच्याहून वेगळी असलेला किमान एक मित्र.
- सिनेमा आणि लिखाण यांच्यामध्ये एक रात्र.

१. जाण्याआधी किती वाचायचं

कमीत कमी. दिग्दर्शक कोण, लांबी किती, मूळ भाषा कोणती, एवढं पुरे. परीक्षणं नंतर वाचा. आधी वाचलीत तर दुसऱ्याने दाखवलेल्याच गोष्टी तुम्हाला दिसतील, आणि वर त्या आपल्यालाच सुचल्या असं वाटेल.

ट्रेलर पाहिला असेल तर एक ध्यानात ठेवा. ट्रेलर बहुतेकदा वेगळीच मंडळी कापतात आणि त्यांचं काम तिकीट खपवणं असतं. त्यातला एखादा प्रसंग सिनेमात नसतोही. "ट्रेलरमध्ये तर विनोदी वाटला होता" ही तक्रार जाहिरातवाल्यांकडे करायची. दिग्दर्शकाला त्यावरून नापास करू नका.

कुठल्या रूपात पाहताय हेही बघून घ्या. डब केलेली आवृत्ती पाहिलीत तर नटाचा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असतो. तिथे "संवादफेक सपाट आहे" म्हणताना कोणाची, हा प्रश्न उरतो. काही सिनेमांतले प्रसंग आयमॅक्ससाठी, म्हणजे खास मोठ्या पडद्यासाठी, 1.43:1 किंवा 1.90:1 (रुंदीचं उंचीशी प्रमाण) अशा उंच चौकटीत टिपलेले असतात. तेच 2.39:1 च्या रुंद पडद्यावर पाहिले तर चित्राचा वरचा-खालचा भाग तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. मोबाइलवर कानात इअरफोन घालून पाहिलेल्या सिनेमाच्या कॅमेऱ्यावर आणि आवाजावर तर निकाल देऊच नका. कुठे आणि कोणत्या भाषेत पाहिला हे परीक्षणात एका वाक्यात सांगून टाकावं. वाचणाऱ्याला तुमचं बोलणं तोलता येतं.

२. अंधारात काय टिपायचं

पहिली दहा मिनिटं डोळ्यांत तेल घालून पाहा. या जगात काय चालतं आणि काय नाही, गोष्ट कोणाच्या नजरेतून दिसणार आहे, हसायचं की सावध राहायचं, हे सगळं सिनेमा तिथे ठरवून देतो. नंतर सापडणारे बरेचसे दोष म्हणजे सिनेमाने स्वतःच घालून दिलेला हा करार मोडणं असतं.

वहीकडे न बघता, मोठ्या अक्षरात, पानावर एक-दोन शब्द लिहा. "लाल छत्री पुन्हा". "इथे संगीत थांबलं". "चुळबुळ". शेवटचा शब्द विशेष कामाचा. आपण खुर्चीत कधी चुळबुळलो हे शरीर प्रामाणिकपणे सांगतं, मग डोकं नंतर कितीही सारवासारव करो. पण दहा-बारा नोंदींच्या पुढे जाऊ नका, नाहीतर सिनेमा राहील बाजूला आणि तुम्ही वहीच भरत बसाल. मिनिटं मोजायची गरज नाही. "मध्यंतराच्या जरा आधी" एवढं पुरतं.

पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला गेलात तर सभागृहाचा हिशेब वेगळा ठेवा. शिट्ट्यांमध्ये संवाद बुडतात. भरल्या सभागृहात विनोद दुप्पट हसवतो आणि भयपट दुप्पट घाबरवतो. तो अनुभव खराच असतो, खोटा नव्हे. फक्त त्यातलं पडद्याचं किती आणि गर्दीचं किती, हे लिहिताना वेगळं करता आलं पाहिजे.

श्रेयनामावली संपेपर्यंत बसा. नावं तिथेच बिनचूक मिळतात.

३. बाहेर आल्यावरचा पहिला तास

"कसा वाटला?" या प्रश्नाचं उत्तर दारातच देऊ नका. एकदा "बकवास" म्हणून गेलात की पुढचे दोन दिवस तुम्ही तो शब्द खरा करून दाखवण्यासाठी पुरावे गोळा करत राहता. सोबतच्यांना त्याऐवजी विचारा, "काय आठवतंय?" उत्तरं चमत्कारिक येतात. एखाद्याला क्लायमॅक्सपेक्षा दारात उभी राहिलेली म्हातारी आठवते, आणि सिनेमाचा जीव नेमका तिथेच असतो.

घरी जाऊन वही न उघडता मनात आपोआप वर आलेल्या तीन जागा लिहा. मग वही उघडून ताडून बघा. दोन्हीकडे आलेली जागा म्हणजे तुमच्या लेखाचा कणा. समाजमाध्यमं त्या रात्री बंद.

४. दिसलं काय, वाटलं काय, ठरवलं काय

इथे जरा रेंगाळू, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

सिनेमाबद्दलच्या कुठल्याही वाक्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पडद्यावर काय दिसलं आणि ऐकू आलं, त्याने आपल्याला काय झालं, आणि त्यावरून आपण काय निकाल दिला. नवखा माणूस निकालापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. तुम्ही पहिलीपासून सुरुवात करा.

समजा तुम्ही लिहिलंत, "बाप-लेकीचा प्रसंग काळजाला भिडला." हा निकाल. आता मागे चला. काय दिसलं? मुलगी सांगते की ती उद्या कायमची चालली आहे. कॅमेरा बापाच्या पाठीमागे आहे. तो कपड्यांच्या घड्या घालतोय आणि घालतच राहतो. त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही. पार्श्वसंगीत नाही. आपल्याला काय होतं? चेहरा दाखवला नाही, म्हणून तो आपण मनात रंगवू लागतो आणि अस्वस्थ होतो. आता निकाल पुन्हा लिहा: "या प्रसंगात दिग्दर्शक प्रेक्षकावर विश्वास टाकतो." हे वाक्य "काळजाला भिडलं"पेक्षा कितीतरी जास्त सांगतं, आणि कोणी त्याला हरकतही घेऊ शकतं.

आता गंमत बघा. याच सिनेमात अर्ध्या तासाने विमानतळावरचा निरोप येतो. तिथे डोळ्यांतल्या पाण्याचा क्लोजअप आहे, खाली व्हायोलिनं रडताहेत आणि संवादात "मला तुझी आठवण येईल" हेही आहे. म्हणजे आधी टाकलेला विश्वास इथे काढून घेतला. दोन जागा शेजारी ठेवल्या आणि परीक्षणाचा मुद्दा आपोआप मिळाला.

नावडलेल्या गोष्टींनाही हीच पद्धत. "सेकंड हाफ खेचलाय" हे सगळेच म्हणतात. कुठे खेचलाय? समजा, खुनी कोण हे आपल्याला कळलंय. मग नायकाला कळतं. मग नायक ते मित्राला सांगतो. मग मित्र पोलिसांना. तीन प्रसंग आणि नवी माहिती शून्य. म्हणजे दोष एडिटिंगच्या गळ्यात घालण्याआधी पटकथेकडे बघायला हवं. संकलक एखादा प्रसंग छाटू शकतो, पण पुढची गोष्ट त्यावरच टेकलेली असेल तर त्याचेही हात बांधलेले.

आता काही घिसेपिटे शेरे आणि त्यांच्या मागे लपलेले सापळे.

*"लॉजिकच नाही."* नायकाने एका बुक्कीत दहा जण उडवले हा दोष आपोआप होत नाही. सिनेमाने पहिल्या रिळापासून तसंच जग दाखवलं असेल तर तो त्याचा नियम. तोच नायक पुढे साध्या कुलूपबंद दारासमोर हताश होऊन बसला, तर मात्र धरा. वास्तवाशी ताडण्याआधी सिनेमा स्वतःशी तरी सुसंगत आहे का, ते बघा.

*"अभिनय नैसर्गिक."* सगळ्या सिनेमांत अभिनय नैसर्गिक असायला हवा, असं कुठे लिहून ठेवलंय? भडक मेलोड्रामात कुजबुजणारा नट विसंगत वाटतो. इतर नटांच्या आणि सिनेमाच्या पट्टीत तो बसतो का, हा खरा प्रश्न.

*"छायाचित्रण अप्रतिम."* दहातल्या आठ वेळा याचा अर्थ "डोंगर सुंदर होते" एवढाच असतो.

*"डोक्यावरून गेला."* हे कबूल करण्यात काही कमीपणा नाही. फक्त कुठपर्यंत कळला आणि कुठून सुटला, ती जागा सांगा. कधीकधी तिथेच सिनेमाची चूक निघते, कधीकधी आपली झोप.

५. श्रेय कोणाला, दोष कोणाला

सगळ्याचं श्रेय दिग्दर्शकाला आणि सगळ्याचा दोष "स्क्रिप्ट"ला, असा आपला सरधोपट न्याय असतो. पडद्यावरून कोणाचं काम किती ते पूर्ण कळत नाहीच, पण योग्य प्रश्न विचारता येतात.

कॅमेरा: तो कुठे उभा आहे आणि हलतो कधी? चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये कॅमेरा लांब, स्थिर उभा राहतो, माणसं चौकटीत येतात-जातात. कोणाकडे बघायचं हे तो सांगत नाही. काहींना त्याचा कंटाळा आला, काहींना तोच त्या न्यायव्यवस्थेच्या संथपणाचा अनुभव वाटला. दोन्ही मतं मांडता येतात, कारण दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

संकलन: सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला: सूपची वाटी, शवपेटी, बाई. बघणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. त्यामुळे "डोळ्यांतून काय बोलतो तो!" असं लिहिण्याआधी, त्या डोळ्यांच्या आधी आणि नंतर काय जोडलंय ते आठवून बघा. निम्मं श्रेय कदाचित संकलकाचं असेल. उलट बाजूही आहे. संकलकाच्या हातात कुठलं चित्रण आलं होतं हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून "एडिटिंग वाईट" हे वाक्य फार जपून वापरावं. शिवाय खटकणारा कट मुद्दाम ठेवलेला असू शकतो. 1960 च्या सुमाराला फ्रेंच नवप्रवाहात, म्हणजे तिथल्या तरुण दिग्दर्शकांच्या चळवळीत, जंप कट (एकाच दृश्याचा मधला तुकडा गाळून घेतलेली उडी) असाच नियम मोडून आला आणि आज तो कोणाला खटकतही नाही.

आवाज: नवख्यांकडून सर्वांत दुर्लक्षित राहणारा आणि बोलायला सर्वांत खमंग विषय. ऐकू येणारी पावलं बऱ्याचदा नटाची नसतात. फोली कलाकार नंतर स्टुडिओत चित्र बघत ती वाजवतो. संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित केलेत, म्हणजे सिंक साउंड आहे, की नंतर डब केलेत, हे कान देऊन ऐकलं तर ओळखू येतं: डब केलेल्या संवादाभोवती खोलीचा श्वास कमी असतो. संगीत कुठे सुरू होतं याहून ते कुठे थांबतं ते टिपा. 'सैराट' आठवा. पूर्वार्धात अजय-अतुल यांचं संगीत पडदाभर उसळत असतं, आणि शेवटच्या प्रसंगात आवाजच काढून घेतलेला आहे. त्या शांततेचा आघात आधीच्या गजरामुळेच होतो. सिनेमा पाहिलेल्या प्रत्येकाला तो क्षण आठवतो, पण तो कानाने घडवलाय हे क्वचित कोणी म्हणतं.

जाता जाता एक आतली गोष्ट. संकलन चालू असताना तात्पुरतं म्हणून दुसऱ्या सिनेमांचं पार्श्वसंगीत लावून ठेवायची पद्धत आहे. दिग्दर्शकाचा कान त्याला सरावतो आणि मग संगीतकाराकडे "असंच काहीतरी" अशी मागणी होते. अनेक सिनेमांचं पार्श्वसंगीत एकसारखं का वाटतं, याचं एक कारण हे.

लेखन: कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं आहेत. छान कथा विस्कळीत पटकथेत वाया जाऊ शकते. टाळ्याखाऊ संवाद पोकळ प्रसंग तारून नेऊ शकतात. तीनही एकाच "स्क्रिप्ट"मध्ये कोंबू नका.

६. लिहायला बसा

पाचशे ते सातशे शब्द ठरवून घ्या. सुरुवातीला याहून लांब लिहिणं म्हणजे बहुधा कथानक सांगत बसणं. कथानकाला एकूण मजकुराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका. गोष्टीची मांडणी, पात्रं आणि त्यांच्यापुढचा पेच कळला की थांबा.

पहिलं वाक्य एखाद्या जागेचं असू द्या. "या आठवड्यात प्रदर्शित झालेला अमुक दिग्दर्शित तमुक..." ही माहिती पोस्टरवर असते. त्यापेक्षा "पहिली चार मिनिटं या सिनेमात कोणी बोलत नाही" असं वाक्य वाचणाऱ्याला आत ओढतं. मग दुसरी जागा, मग त्या दोन्हींना जोडणारा तुमचा मुद्दा. एक मुद्दा. अभिनय-संगीत-छायाचित्रण-संवाद अशी हजेरी घेत गेलात की लेख शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा दिसतो. संगीताबद्दल सांगण्यासारखं काही नसेल तर संगीताचं नाव काढू नका; कोणी विचारणार नाही.

नावडलेल्या सिनेमावर तुटून पडायला मजा येते, आणि पिसं काढलेली वाचायलाही लोक जमतात. म्हणून तिथे हात आवरायला हवा. नटाचं दिसणं, वजन, घराणं, त्याची जुनी भांडणं हे पडद्याबाहेरचं आहे, ते गाळा. सिनेमाने जे करायचा प्रयत्नच केला नाही, त्यासाठी त्याला झोडपू नका. हलकाफुलका प्रेमपट सामाजिक प्रश्न सोडवत नाही म्हणून रागावणं ही परीक्षकाची चूक.

लिहून झाल्यावर "अप्रतिम", "जबरदस्त", "निराशाजनक", "उत्कृष्ट" असे शब्द शोधा. प्रत्येकाच्या मागेपुढे पडद्यावरचा एक तरी पुरावा आहे का? नसेल तर शब्द काढा किंवा पुरावा आणा. नावांचं शुद्धलेखन तपासा. एखादा संवाद अवतरणात द्यायचा तर तो शब्दशः आठवतोय का? शंका असेल तर आशय तुमच्या शब्दांत सांगा.

७. स्पॉयलर

न पाहिलेल्यासमोर गोष्टीतलं गुपित फोडणं म्हणजे स्पॉयलर. ताज्या सिनेमावर बोलताना मैत्री तुटण्याचं हे मुख्य कारण. रहस्यपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने 1960 साली आपल्या 'सायको'साठी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत न सोडण्याचा नियम घालून घेतला होता. इतकं कडक व्हायला नको, पण काही पथ्यं पाळा.

- परीक्षणात सिनेमाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागापुढचं काही उघड करू नका. ट्रेलरमध्ये दिसलं आहे, म्हणून ते सांगायला मोकळीक आहे असं समजू नका. अनेक जण ट्रेलर टाळतात.
- "शेवटी असा धक्का आहे की विचारू नका!" हाही स्पॉयलरच. आता वाचणारा दोन तास धक्क्याची वाट बघत बसणार.
- पाहुणा कलाकार, श्रेयनामावलीनंतरचं दृश्य, कोण मरतं, कोण परततं: तोंडाला कुलूप.
- शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल तर तो वेगळ्या लेखात लिहा आणि पहिल्याच ओळीत तसा इशारा द्या.

गप्पांमध्ये सोपा उपाय आहे: सुरुवातीलाच "कोणी पाहिलेला नाही?" असं विचारायचं. हात वर झाला तर आधी त्याला पुरेल एवढंच बोलायचं, मग त्याला बाहेर पाठवायचं.

तरी स्पॉयलरचा बाऊ मर्यादेतच बरा. फ्रेंच दिग्दर्शक ट्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हिचकॉकनेच फरक सांगितला आहे: टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर काही सेकंदांचा धक्का; तो आहे हे प्रेक्षकाला आधी माहीत असेल तर कितीतरी मिनिटांची घालमेल. शेवट कळल्यावर ज्या सिनेमात बघण्यासारखं काहीच उरत नाही, त्याबद्दल तेच लिहिता येईल.

८. तारे, टक्के आणि गल्ला

तारे द्यायचे तर शेवटी द्या, लेख लिहून झाल्यावर. आधी साडेतीन ठरवून मग त्याला साजेसा लेख लिहायला गेलात की सगळा मजकूर साडेतीनसारखाच मिळमिळीत होतो.

इतरांचे आकडे वाचताना ते काय मोजतात ते समजून घ्या. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा टक्का म्हणजे किती समीक्षकांचा कौल अनुकूल आहे एवढंच. 60 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सिनेमा 'फ्रेश'. सगळ्यांनी "ठीक आहे, बघा" म्हटलं तरी तिथे 100 टक्के दिसू शकतात. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी (काहींच्या गुणांना जास्त वजन देऊन) काढतं, म्हणून तोच सिनेमा तिथे 70 वर असू शकतो. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर प्रेक्षक 1 ते 10 गुण देतात. पहिल्या दिवसांत चाहते दहा-दहा आणि विरोधक एक-एक ओतत असल्याने तो आकडा जरा मुरू द्यावा. अमेरिकेतली सिनेमास्कोअर ही संस्था प्रदर्शनाच्या सुरुवातीलाच आलेल्या प्रेक्षकांना विचारून अक्षरश्रेणी (ए, बी, सी अशी) देते. जे मनात धरून लोक आले ते मिळालं का, हे त्यातून कळतं. भयपटांना तिथे अनेकदा कमी श्रेणी मिळते, ती याच कारणाने.

गल्ल्याचा आकडा हा गुणवत्तेचा पुरावा नाही, आणि अपयशाचाही नाही. त्यात कर आणि चित्रपटगृहांचा वाटाही असतो, म्हणून एकूण गल्ला उणे निर्मितीखर्च म्हणजे नफा, हे गणितही चुकतं. अर्थात गल्ल्यावर गप्पा मारायला मजा येते. फक्त त्या गप्पा वेगळ्या आहेत हे भान असावं.

९. एकत्र बसून चर्चा करताना

पाच ते आठ जण पुरे. त्याहून जास्त झाले की दोघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. सिनेमा सगळ्यांनी शक्यतो त्याच आठवड्यात पाहिलेला असावा.

पहिल्या फेरीत मत द्यायला बंदी. प्रत्येकाने फक्त एक जागा सांगायची: काय दिसलं, काय ऐकू आलं. लोकांना हे सुरुवातीला शाळेसारखं वाटतं, पण दोन-तीन जणांनी सांगितलं की "अरे, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं" सुरू होतं आणि मग कोणाला आवरावं लागतं. दुसऱ्या फेरीत आवडलं-नावडलं. कमी बोलणाऱ्याला आधी विचारा. सर्वांत जास्त सिनेमे पाहिलेल्याला सर्वांत शेवटी. त्याने सुरुवातीलाच जपानी दिग्दर्शकांची नावं फेकली की बाकीचे गप्प होतात.

वाद होणारच, व्हावेतही. "तुला कळलाच नाही" हे वाक्य मात्र बाद. त्याऐवजी "तुला हे कुठल्या प्रसंगात जाणवलं?" असं विचारा. बरेचदा कळतं की दोघं एकाच प्रसंगाबद्दल बोलताहेत, फक्त एकाला त्यातला आडदांडपणा शौर्य वाटला आणि दुसऱ्याला दादागिरी. आता खरा विषय मिळाला: सिनेमा त्या पात्राकडे कसा बघतो? कॅमेरा त्याला खालून, भव्य करून दाखवतो का? त्याने मारलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसतो का? पात्र वाईट वागतं आणि सिनेमा त्याची भलामण करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या केल्या की निम्मे वाद तिथल्या तिथे मिटतात आणि उरलेले निम्मे रंगतात.

कट्टर चाहत्याशी त्याच्या हिरोबद्दल बोलायची वेळ आली तर हिरोच्याच दुसऱ्या चांगल्या कामाशी तुलना करा. "तुझा हिरो वाईट" म्हटलं की तो कान बंद करतो. "आधीच्या सिनेमात तो थांबून ऐकायचा, इथे नुसता पोझ देतो" म्हटलं की तो निदान भांडायला तरी पुरावे शोधतो.

१०. काही आठवड्यांनी परत या

प्रदर्शनाच्या आठवड्यातलं मत गरम असतं. 'ब्लेड रनर' हा हॉलिवूडचा विज्ञानपट 1982 मध्ये आला तेव्हा त्याचं स्वागत थंडच झालं होतं. निवेदनाशिवाय, वेगळ्या शेवटाची दिग्दर्शकीय आवृत्ती 1992 मध्ये आली, अंतिम आवृत्ती 2007 मध्ये, आणि आज विज्ञानपटांवरची चर्चा त्याच्याशिवाय पुरी होत नाही. म्हणजे सिनेमाही बदलतो, बघणाराही.

जमेल तेव्हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहा, आणि या वेळी बोलणाऱ्या पात्राकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघा. गोष्ट माहीत असल्याने डोळे मोकळे असतात. एखादा प्रसंग आवाज बंद करून, मग तोच पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकून पाहा; कोणतं काम कोणी उचललंय ते लगेच कळतं.

मत बदललं असेल तर जुनं परीक्षण खोडू नका. त्याच्याखाली तारीख टाका, कुठली जागा आता वेगळी दिसली ते लिहा आणि पहिल्या वेळी ज्या मित्राशी वाद झाला होता त्याला वाचायला द्या.